वर्ष तहकूब झालं, धूर झाला नाही : सागरी पर्यावरण संरक्षण समितीला खुलं पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी पर्यावरण संरक्षण समितीवरील सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी लंडनमध्ये आपल्या समितीच्या विशेष अधिवेशनात मतदान झालं ते एवढ्याच मुद्द्यावर, की जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाबद्दलचा निर्णय आता घ्यायचा की वर्षभराने. ५७ देशांनी तहकुबीच्या बाजूने मत दिलं, ४९ विरोधात गेले, २१ तटस्थ राहिले. जहाजांच्या इंधनाच्या उत्सर्जनाला मर्यादा आणि ती न पाळणाऱ्याला शुल्क लावणाऱ्या ज्या ‘नेट-झीरो आराखड्या’ला याच समितीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्यता दिली होती, तो सहा महिन्यांनी बाजूला सारला गेला. हा निर्णय मला गप्प बसून स्वीकारता येत नाही.

मी मरीन इंजिनिअर आहे. ज्युनिअर म्हणून इंजिनरूममध्ये उतरलो, चीफ इंजिनिअर म्हणून किनाऱ्यावर परतलो आणि आता कॅडेटना शिकवतो. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेताना कागदावर सही माझी असायची. चोवीस तासांत किती टन तेल जळालं तो आकडा रोज दुपारी पाठवायच्या नून रिपोर्टमध्ये मी भरायचो. एक टन जड तेल जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा गुणक आपल्याच संघटनेने ठरवून दिलेला आहे. त्यामुळे माझ्या पाळीत जहाजाने मागे काय सोडलं, याचा हिशेब मला दुसऱ्या कुणी सांगावा लागत नाही. आज वर्गातली मुलं विचारतात, ‘सर, आम्ही चीफ होऊ तेव्हा इंजिनमध्ये काय जळत असेल?’ त्यांना उत्तर देणं माझं काम आहे, आणि ते उत्तर आपल्या सभागृहात अडकून पडलं आहे.

माझ्या तक्रारी पुढे मांडतो.

पहिली तक्रार दिरंगाईची. १९९७च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीचं उत्सर्जन कुठल्याही एका देशाच्या खात्यावर न टाकता त्याची जबाबदारी आपल्या संघटनेकडे सोपवली गेली. कारणही रास्त होतं. जहाज बांधलं जातं एका देशात, त्यावर झेंडा दुसऱ्याचा, मालक तिसरीकडचा आणि माल चौथ्याचा. पण तेव्हापासून मधली वर्षं कशी गेली? आपल्याच चौथ्या हरितगृह वायू अभ्यासानुसार जहाजवाहतुकीचं उत्सर्जन २०१२मध्ये ९७.७ कोटी टन होतं, ते २०१८मध्ये १०७.६ कोटी टनांवर गेलं. जगाच्या मानवनिर्मित उत्सर्जनाच्या २.८९ टक्के. २०२३मध्ये आपण एकमताने सुधारित धोरण स्वीकारलं. २००८च्या तुलनेत २०३०पर्यंत किमान २० टक्के घट, २०४०पर्यंत किमान ७० टक्के, आणि २०५०च्या आसपास निव्वळ शून्य. उद्दिष्टं लिहून झाली, पण ती अमलात आणणारा नियम समोर आला तेव्हा आपण वर्षभराची सवलत घेतली.

जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. आज ज्याची ऑर्डर दिली जाईल ते दोन-तीन वर्षांनी पाण्यात उतरेल आणि २०५० उजाडेल तेव्हाही माल वाहत असेल. म्हणजे २०५०च्या ताफ्याचा मोठा भाग पुढच्या काही वर्षांत शिपयार्डच्या ड्रॉइंग बोर्डवर ठरणार आहे. आराखड्यात ५,००० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजांसाठी २०२८पासूनचे टप्पे स्पष्ट होते. त्या वर्षी इंधनाची हरितगृह वायू तीव्रता, म्हणजे एका मेगाज्यूल ऊर्जेमागचं उत्सर्जन, मूळ (किमान) पातळीला ४ टक्के आणि वरच्या (कडक) पातळीला १७ टक्के घटवायची होती. २०३५मध्ये हेच आकडे ३० आणि ४३ टक्के होतात. मूळ पातळीही न गाठणाऱ्या जहाजाला त्या तुटीतल्या दर टन उत्सर्जनामागे ३८० डॉलर, आणि मूळ पातळी गाठून वरची चुकवणाऱ्याला १०० डॉलर भरावे लागणार होते. हे दर पुरेसे आहेत का यावर वाद होऊ शकतो. एप्रिलमध्ये तटस्थ राहिलेल्या पॅसिफिक बेटांचं म्हणणं तर आराखडा फार मवाळ आहे असंच होतं. पण मालकाला हिशेब मांडता येईल असा आकडा त्यामुळे पहिल्यांदा हाती आला होता. अक्षय ऊर्जेपासूनचं हिरवं मेथनॉल किंवा हिरवा अमोनिया बनवणारा कारखाना गिऱ्हाईक नक्की असल्याशिवाय कुणी उभारत नाही, आणि इंधन मिळण्याची खात्री नसताना कुणी त्या इंधनाचं जहाज मागवत नाही. ही कोंडी फोडण्याचं काम नियमच करू शकतो.

मतदानाच्या आधी अमेरिकी सरकारने जाहीर निवेदन काढून आराखड्याला पाठिंबा देणाऱ्या देशांवर व्हिसा निर्बंध, बंदरशुल्क आणि इतर कारवाईचा इशारा दिला होता. ज्या लहान देशांची अर्थव्यवस्था अशा दबावाखाली वाकते त्यांना मी दोष देत नाही. दबावाखाली घेतलेला निर्णय तांत्रिक कारणांच्या वेष्टनात गुंडाळून आमच्यापुढे ठेवू नये, एवढंच म्हणतो.

आणि वर्ष पुढे ढकलल्याने जहाजमालक नियमांतून सुटले असंही झालेलं नाही. युरोपीय संघाची उत्सर्जन व्यापार योजना २०२४पासून जहाजांना लागू आहे आणि ‘फ्युएल-ईयू मेरिटाइम’ २०२५पासून. जागतिक नियम लांबला की प्रत्येक प्रदेश आपापला नियम करणार आणि एकाच सफरीचे दोन-तीन हिशेब इंजिनिअरला ठेवावे लागणार. हे टाळण्यासाठीच तर ही संघटना आहे.

दुसरी तक्रार उष्णतेची. तिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या चर्चांमध्ये इंधन सगळी जागा व्यापतं आणि उष्णता तळटिपेत जाते.

मोठं मंदगती टू-स्ट्रोक इंजिन हे वापरातल्या सर्वांत कार्यक्षम इंजिनांपैकी एक आहे. तरीही तेलातल्या ऊर्जेचा साधारण निम्माच भाग प्रॉपेलर शाफ्टपर्यंत पोचतो. जवळपास पाव हिस्सा एक्झॉस्टबरोबर, म्हणजे इंजिनाच्या धुराबरोबर, फनेलमधून (धुराड्यातून) जातो. टर्बोचार्जरने दाबलेली तापलेली हवा थंड करताना आणखी सहावा हिस्सा शेवटी समुद्रात जातो, इंजिन थंड ठेवणाऱ्या जॅकेट वॉटरबरोबर पाचेक टक्के, थोडा वंगणाच्या लुब ऑइलबरोबर. २० मेगावॉटचं इंजिन पूर्ण भाराने चालत असेल तर सुमारे १० मेगावॉट उष्णता एकट्या फनेलमधून निघून जाते. सगळी परत मिळणार नाही, हे थर्मोडायनॅमिक्स शिकणारा पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. पण एक्झॉस्टवर पॉवर टर्बाइन आणि इकॉनॉमायझरच्या (एक्झॉस्टच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरच्या) वाफेवर स्टीम टर्बाइन अशी दुहेरी व्यवस्था केली, तर मोठ्या इंजिनांवर शाफ्ट पॉवरच्या १० टक्क्यांच्या आसपास वीज मिळवता येते. २००६मध्ये सेवेत आलेल्या ‘एमा मेर्स्क’च्या ८० मेगावॉटच्या इंजिनाबरोबर अशी यंत्रणा बसवलेली होती. म्हणजे हे तंत्र नवं नाही आणि प्रयोगशाळेतलंही नाही.

लहान प्रमाणातला हिशेब सांगतो. समुद्रात असताना जहाजाचा विजेचा भार एक मेगावॉट धरला आणि जनरेटर एका युनिटला २०० ग्रॅम तेल खातो असं मानलं, तर दिवसाला ४.८ टन तेल होतं. वाया जाणाऱ्या उष्णतेवर हा भार उचलता आला तर जनरेटर बंद ठेवता येतो आणि रोज सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. त्यासाठी नवं इंधन लागत नाही, बंदरात नवी टाकी लागत नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत, त्या मी हाताने साफ केल्या आहेत. तेलात गंधक असतं, म्हणून एक्झॉस्ट साधारण १६० अंशांच्या खाली उतरवता येत नाही. उतरवला तर सल्फ्युरिक ॲसिड साठून इकॉनॉमायझरच्या नळ्या खाल्ल्या जातात. भार कमी झाला की वायूचा वेग घटतो, काजळी नळ्यांवर बसते आणि दुर्लक्ष झालं तर तिथेच पेट घेते. नव्या इंजिनांचा एक्झॉस्ट टर्बोचार्जरनंतर २३० ते २५० अंशांवर आलेला असतो, त्यामुळे खेचायला वावच थोडा उरतो. त्यात २००८नंतर सगळीकडे वेग उतरवून जहाजं चालवण्याची पद्धत रुजली. वेग उतरवणं योग्यच आहे. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती पाव भागाहून अधिक घटते. पण पूर्ण भारासाठी बांधलेली उष्णता-यंत्रणा अशा वेळी उपाशी राहते. मी ज्या एका जहाजावर होतो तिथे वाफेवर चालणारा चांगला टर्बो-जनरेटर महिनोन्‌महिने झाकून ठेवला होता, कारण कमी भाराला वाफ पुरत नव्हती. ऑरगॅनिक रँकिन सायकलची, म्हणजे पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवावर वीज करणारी लहान यंत्रणा बसवावी असा प्रस्ताव आम्ही पाठवला. मालकांकडून उत्तर आलं की तेलाचे पैसे चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) भरतो, मग यंत्राचे पैसे आम्ही का भरावेत? चार्टररचं म्हणणं होतं, जहाज आमच्याकडे थोड्याच काळासाठी आहे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं आणि उष्णता फनेलमधून जात राहिली.

ही फाटाफूट फक्त नियमाने सांधता येते. आणि नियम काय म्हणतो? जहाजाच्या डिझाइन निर्देशांकात उष्णतेपासून मिळवलेल्या विजेला श्रेय आहे, पण बहुतेक जहाजांसाठी तो हिशेब इंजिनाच्या ७५ टक्के भारावर होतो. प्रत्यक्षात बरीच जहाजं त्याच्या कितीतरी खाली चालतात. नव्या आराखड्याचं माप तर एका मेगाज्यूलमागे किती उत्सर्जन, असं आहे. उष्णता परत मिळवून जहाजाने दहा टक्के कमी तेल जाळलं तरी ते माप जागचं हलत नाही. तूट एकूण ऊर्जेवर मोजली जात असल्याने भरायची रक्कम घटते, तेवढा फायदा आहे. पण इंधन बदलणाऱ्याला बक्षिसाची सोय आणि इंधन न जाळणाऱ्याला फक्त थोडी सूट, हा तोल मला मान्य नाही.

पर्यायी इंधन आणि उष्णता हे दोन वेगळे विषय आहेत असं समजण्यातच घोळ आहे. मेथनॉलमध्ये आणि अमोनियात गंधक नसतं. म्हणजे ॲसिडमुळे पडलेली १६० अंशांची मर्यादा बरीच खाली सरकते आणि त्याच एक्झॉस्टमधून जास्त उष्णता खेचता येते. मेथनॉलचा धूरही फार स्वच्छ असतो, काजळीचा त्रास घटतो. दुसरं असं की जड तेल टाकीत पातळ ठेवायला, तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरला ९८ अंशांवर द्यायला आणि इंजिनाआधी १३० अंशांच्या आसपास तापवायला आज इकॉनॉमायझरची पुष्कळशी वाफ खर्च होते. मेथनॉलला हे काहीच लागत नाही. मोकळी झालेली ती वाफ वीज करायला वापरता येते. कार्बन पकडणारी यंत्रणा जहाजावर बसवायची म्हटलं तरी कार्बन शोषणारं अमाइनचं द्रावण पुन्हा ताजं करायला १२० अंशांची उष्णता लागते, आणि ती याच फनेलमधून आली तर ठीक, नाहीतर पकडलेल्या कार्बनसाठी आणखी तेल जाळावं लागतं. शिवाय मेथनॉलला तेवढ्याच ऊर्जेसाठी तेलाच्या जवळपास अडीचपट जागा लागते आणि अमोनियाला सुमारे तिप्पट. जिथे इंधन महाग, दुर्मीळ आणि टाकी माल ठेवायची जागा खाणारी, तिथे वाचवलेला प्रत्येक टन आजच्यापेक्षा जास्त मोलाचा आहे. आज मागवल्या जाणाऱ्या मेथनॉलच्या जहाजांमध्ये उष्णता-यंत्रणेसाठी इंजिनरूममध्ये जागाच सोडली नाही, तर ती पुढे कापून-जोडून बसवावी लागेल. ते किती खर्चिक असतं हे कुठल्याही ड्राय-डॉकला, म्हणजे जहाजदुरुस्तीच्या गोदीला, विचारा.

तिसरी तक्रार, इंधनाची परीक्षा फनेलच्या तोंडाशी संपते. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जाळताना कार्बन डायऑक्साइड तेलापेक्षा २० ते २५ टक्के कमी निघतो, हे खरं. पण फोर-स्ट्रोक, कमी दाबाच्या ड्युएल-फ्युएल (वायू आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या) इंजिनांत त्या वायूतला काही मिथेन न जळताच निसटतो. युरोपीय नियम त्यासाठी ३.१ टक्के गृहीत धरतात. आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषदेने प्रत्यक्ष जहाजांच्या धुरात मोजमाप केलं तेव्हा सरासरी गळती ६.४ टक्के आली. वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, तेव्हा वरचा सगळा फायदा तिथेच पुसला जातो. उच्च दाबाच्या टू-स्ट्रोक इंजिनांत ही गळती अगदी थोडी असते. म्हणूनच ‘एलएनजी जहाज’ असं एकच लेबल लावून भागत नाही, इंजिन कोणतं ते पाहावं लागतं. अमोनियाचंही तसंच. त्यात कार्बन नाही, पण आज जगात बनणारा जवळजवळ सगळा अमोनिया नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून येतो, आणि तो जाळणं म्हणजे धूर जहाजावरून कारखान्यात हलवणं. जळताना नायट्रस ऑक्साइड निघाला तर त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ टनांइतका. विहिरीपासून प्रॉपेलरपर्यंतचं उत्सर्जन कसं मोजायचं याच्या मार्गदर्शक सूचना आपण २०२३मध्ये केल्या, त्या चांगल्या आहेत. त्यांना दात देणारा आराखडा मात्र तहकूब आहे.

चौथी माणसांची, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांची आहे. हवेत अमोनिया दहा लाख भागांत तीनशे भाग झाला की जिवाला तात्काळ धोका मानतात. मेथनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही आणि ते १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. जड तेलाची गळती आम्ही चिंध्या आणि भुसा टाकून आवरली आहे. अमोनियाच्या गळतीत पहिलं पाऊल चुकीच्या दिशेने पडलं तर दुसरं पडत नाही. जहाजावर इंधन म्हणून अमोनिया वापरण्याच्या अंतरिम सूचना आपल्याच संघटनेच्या सागरी सुरक्षा समितीने डिसेंबर २०२४मध्ये मंजूर केल्या. सूचना अंतरिम आहेत, इंजिनं तयार होत आहेत आणि प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर व शिक्षक मोजकेच आहेत. दरवर्षीची तहकुबी प्रशिक्षणाचा पैसाही तहकूब करते, कारण तो याच आराखड्याच्या शुल्कातून जमणाऱ्या निधीतून यायचा होता.

जहाजाला दरवर्षी मिळणाऱ्या कार्बन तीव्रतेच्या ए (सर्वांत चांगली) ते ई (सर्वांत वाईट) श्रेणीबद्दल थोडक्यात. ती जहाजाच्या क्षमतेवर आणि कापलेल्या अंतरावर ठरते, प्रत्यक्ष वाहिलेल्या मालावर नाही. रिकामं धावणारं जहाज चांगली श्रेणी मिळवतं आणि बंदराबाहेर धक्का मोकळा होण्याची वाट पाहत नांगरलेलं जहाज वाईट. ई श्रेणी मिळाली तर सुधारणेचा आराखडा लिहायचा, बस. असे आराखडे मी लिहिले आहेत. कागद भरला की काम संपतं.

आता मागण्या.

तहकुबी संपून समिती पुन्हा बसेल तेव्हा आराखडा स्वीकारावा, आणि २०२८ ते २०३५चे टक्के सौम्य न करता. लागू होण्याच्या तारखा पुढे सरकवाव्या लागल्या, तरी शेवटची उद्दिष्टं सरकवू नयेत.

प्रत्येक नव्या मोठ्या जहाजाच्या बांधणी-मंजुरीसाठी पूर्ण हीट बॅलन्स (इंधनातली उष्णता कुठे-कुठे जाते याचा हिशेब) सक्तीचा करावा, आणि तो फक्त ७५ टक्क्यांवर न करता ते जहाज ज्या भाराला खरोखर चालणार आहे त्या भारांवर. उष्णता-यंत्रणा लगेच बसवायची नसेल, तर तिच्यासाठी जागा, पाइपांची जोडणी आणि स्विचबोर्डवर सोय राखून ठेवणं बंधनकारक असावं. चालू जहाजांच्या ऊर्जा कार्यक्षमता योजनेत दरवर्षी किती उष्णता वाया गेली त्याची नोंद यावी. ती नोंद चार्टररलाही दिसावी.

आराखड्याच्या निधीतून जे बक्षीस स्वच्छ इंधनाला मिळणार आहे, त्यातला निश्चित वाटा मोजून सिद्ध झालेल्या इंधन-बचतीलाही द्यावा. उष्णता, वारा, स्वच्छ हल (जहाजाचं बाहेरचं कवच), काहीही असो. मालकाने यंत्र बसवलं आणि चार्टररचं तेल वाचलं तर वाचलेल्या पैशाचा वाटा मालकाला कसा मिळावा, याचं नमुना कलम संघटनेने जहाजमालक आणि चार्टरर यांच्या संघटनांबरोबर बसून तयार करावं.

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड गृहीत आकड्यांवर सोडू नये, फनेलवर मोजावा. ज्या इंजिनाचं मोजमाप झालेलं नाही, त्याला सर्वांत वाईट आकडा लावावा.

श्रेणी ठरवताना वाहिलेला माल हिशेबात घ्यावा आणि बंदरातल्या खोळंब्याचं खापर जहाजावर फोडू नये. सलग ई मिळवणाऱ्या जहाजावर मात्र प्रत्यक्ष निर्बंध यावेत.

अमोनिया किंवा मेथनॉलवर चालणाऱ्या जहाजावर त्या इंधनाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण न झालेल्या एकाही खलाशाची नेमणूक होऊ नये, आणि त्या प्रशिक्षणाचा खर्च खलाशाच्या खिशातून जाऊ नये. कामगारांच्या देशांमधल्या प्रशिक्षण संस्थांना त्यासाठी निधीतून थेट मदत मिळावी, आणि ही तरतूद आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर स्वतंत्र विषय म्हणून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर